अंबारखान्यातला एक शब्द

वाघबीळचं वळण मागं पडलं की चष्मा पुसायचा नाही, हे मला आता कळतं. पहिल्या वर्षी पन्हाळ्याच्या घाटात मी सारखा रुमाल काढायचो. वडापमधले, म्हणजे माणसं कोंबल्याशिवाय न हलणाऱ्या जीपमधले, लोक माझ्याकडं बघून हसायचे, कारण धुकं काचेवर नसायचंच, रस्त्यावर असायचं. यंदा शेजारी बसलेल्या एका काकांनी रुमाल काढला आणि मी गप्प बसलो. प्रत्येकानं आपापल्या रुमालानं शिकावं.

ऑगस्टातलं हे धुकं परत आलं की मला तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवतो. त्या पावसाळ्यात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाइड व्हायला शिकत होतो आणि बायकोच्या उत्तराची वाट बघत होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, त्यामुळं आता त्या वेगळ्या काढता येत नाहीत. तटाच्या ओल्या दगडाचा वास आला की मी अजूनही परीक्षेच्या आदल्या दिवसासारखा मनातल्या मनात घोकायला लागतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. घरातच माग होते, त्यामुळं अक्षरं गिरवायच्या आधी हातात पाना आला. पुढं जॉबर झालो. जॉबर म्हणजे माग रुसला की त्याची समजूत काढणारा माणूस. त्या हुन्नरावर पंचविशीत इंडोनेशियाला गेलो, बांडुंग नावाच्या डोंगरातल्या शहरात, एका कापड गिरणीत. दोन वर्षांसाठी म्हणून गेलो होतो. तिथं कापड तपासायच्या खात्यात रत्ना होती. टेबलाखालच्या दिव्यावरून पळणाऱ्या कापडात एक धागा जरी तुटलेला असला तरी ती मशीन थांबवायची, आणि तो माग बहुतेक वेळा मीच दुरुस्त केलेला निघायचा. भांडता भांडता लग्न झालं.

बायकोचं नाव रत्ना, मुलीचं नाव देवी, आणि दोघी नमाज पढतात. त्यांच्याकडं यात कुणाला नवल वाटत नाही. पण कोल्हापुरातल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हे समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली. भावजयीचा धर्म तिला लवकर पचला नाही. मग देवी झाली, आणि देवी नावाच्या पोरीवर ओरडायचं तरी कसं, या अडचणीत अक्काचा निम्मा राग विरघळला. नावांचं काही सांगता येत नाही. माझं स्वतःचं नाव शीतल. आमच्या जैनांत ते पुरुषाचं नाव आहे, पण पुण्याच्या पुढं फोनवर मला मॅडमच म्हणतात.

गिरणीनं जुने माग मोडीत काढले आणि त्यांच्याबरोबर जुने जॉबरही. मला परत यायची ओढ लागली होती. अक्काच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. तुला चार भाषा येतात, पन्हाळ्यावर गाइड हो की, असं तिच्याच यजमानांनी सुचवलं. रत्ना तोवर घरीच शिवणाचे वर्ग घ्यायला लागली होती, विचारलं तेव्हा ती मशीनवर होती. सुई न थांबवता तिनं सांगितलं की आधी तू एकटा एक पावसाळा तिथं काढून बघ. शेवटी मी आठ दिवस येईन, सगळं डोळ्यांनी बघेन, आणि मग सांगेन, आम्ही दोघी कायमच्या येतो की नाही. त्यामुळं त्या चार महिन्यांत मी गड शिकत होतो तो पर्यटकांसाठी कमी आणि एका बाईसाठी जास्त.

बांडुंगला पाऊस दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आपल्याकडचा जूनला. त्यामुळं दोन देशांत राहणाऱ्या माणसाची गंमत अशी होते, की त्याच्या वर्षात दोन पावसाळे येतात आणि छत्री कधी पुरती वाळत नाही. दोन्हीकडच्या पावसाचा वास मात्र वेगळा. तिकडं चहाच्या मळ्यांचा हिरवा, जरा उग्र वास येतो. इकडं पन्हाळ्यावर कणसं भाजल्याचा, ओल्या घोंगड्याचा आणि भज्यांच्या तेलाचा. हे असं का होतं, माती वेगळी म्हणून की नाक वेगळ्या वयाचं म्हणून, हे मी पुष्कळांना विचारलंय. एकालाही नीट सांगता आलेलं नाही.

गडावर गाइड लोकांची आपसांत एक रीत होती. नव्या माणसानं जुन्या माणसाच्या मागं मागं हिंडायचं, आणि शेवटी जुना माणूस ‘चालतंय’ म्हणाला की एकट्यानं गट न्यायचा. माझ्या वाट्याला दस्तगीरचाचा आले. सत्तरीचे, काडीसारखे बारीक, निळा रेनकोट, आणि हातात एक छत्री जी मी कधी उघडलेली बघितली नाही. ती दाखवायची छत्री होती. पाऊस कितीही असो, तिचं टोक कायम कुठल्यातरी बुरुजाकडं. चाचांचा जन्म गडावरचाच, आणि आवाज इतका खाली की ऐकायला माणसं आपोआप जवळ यायची. माझं बोलणं मागांच्या खडखडाटात घडलेलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, शीतल, हितं माग चालू न्हाईत, हळू बोल.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात सनावळीनं करायची नाही. साल सांगितलं की माणूस मोबाइल काढून ते खरं की खोटं बघतो, आणि मोबाइल एकदा बाहेर आला की गड संपला. त्यापेक्षा त्याला भिंतीला हात लावायला सांगायचा. तीन दरवाजा नावाच्या गडाच्या वेशीपाशी चाचा गटाला उभं करायचे आणि दगडांच्या सांध्यात नख घालून बघा म्हणायचे. कुणाचं नख जायचं नाही. मग पाच मिनिटं सगळे वाकून नखं घासत असायचे, मोठमोठे साहेबसुद्धा, आणि चाचा शांतपणे कणसाचे दाणे खात उभे राहायचे.

पण मला सगळ्यात जास्त कुतूहल धुक्याचं होतं. जुलैत तटावर उभं राहिलं की समोर पांढरा पडदा. स्वतःची चप्पल दिसली तरी पुष्कळ. अशा वेळी चाचा छत्रीचं टोक त्या पांढऱ्यात रोखून सांगायचे की इथं जोतिबाचा डोंगर, त्याच्या अलीकडं ही वाडी, तिच्या डाव्या अंगाला ऊस. सगळा गट माना वळवून त्या नसलेल्या गोष्टी बघायचा, आणि खरं सांगतो, मलाही दिसायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, की जे दिसत नाही ते दाखवणं म्हणजे फसवणूक नाही का. चाचा म्हणाले, “डोंगर काय पळून जाणार हाय व्हय? तू जागा बरोबर दाखव. बाकी त्याचं त्यो बघतोय.” मी वहीत लिहून घेतलं. ती वही गिरणीतली होती, आधीच्या पानांवर मागांचे नंबर होते.

जागा बरोबर दाखवायची तर त्या पाठ पाहिजेत, म्हणून आठवड्यातले कोरडे दिवस, म्हणजे कमी ओले दिवस, मी एकटा गड पालथा घालायचो. डोळे मिटून कुठं आहे ते ओळखायचा नाद लागला. अंधार बावी या दगडी विहिरीपाशी पायाखालून गार वाफ येते. अंबारखान्यात, त्या जाड भिंतींच्या जुन्या धान्यकोठारात, वटवाघळांचा वास आणि आपल्याच पावलांचा मागून येणारा आवाज. छताला झरोके आहेत, वरून धान्य ओतायचे. त्यांच्याखाली उभं राहून मी वर बघायचो आणि मनात रत्नाला सांगायचो, की बघ, इथून जोंधळा पडायचा. ती काय विचारेल याची यादी करायचो. उंदीर कसे लागत नव्हते, हा प्रश्न ती नक्की विचारणार होती. त्याचं उत्तर मी चाचांकडून, दोन दुकानदारांकडून आणि एका शाळामास्तरांकडून मिळवलं, आणि चौघांची चार उत्तरं होती.

ऑगस्टच्या मध्याला चाचांनी मला गटापुढं बोलायला लावायला सुरुवात केली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला ओढलं. आवाज नेहमीसारखाच खाली होता, पण छत्रीचं टोक माझ्या छातीवर होतं.

“मगापासनं आम्ही आम्ही काय लावलंयस? आमचा तट, आमचं पाणी, आमची कोठारं. मग पावणं काय तुझी इस्टेट बघाय आल्यात? आपण म्हण की. आपला तट, आपली विहीर. माणूस आत आला पायजे.”

मी थक्क झालो, कारण हीच चूक मी आधी एकदा केली होती, दीड हजार कोसांवर. बांडुंगच्या गिरणीत नवा असताना मी त्यांची भाषा एका इंग्रजी पुस्तकावरून शिकत होतो. त्यांच्याकडंही आपल्यासारखे दोन शब्द आहेत. ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळं पुस्तकानं मला त्यातला फरक सांगितलाच नव्हता. एक दिवस माग दुरुस्त झाल्याच्या आनंदात मी खात्यातल्या सगळ्यांना म्हणालो, चला, कामी चहा प्यायला जाऊ. एकही माणूस जागचा हलला नाही. आम्ही चहाला जातो, तुम्ही बसा, असं मी बजावल्यासारखं झालं होतं. मी एकटाच कँटीनमध्ये जाऊन बसलो आणि लोक इतके अबोल का आहेत याचा विचार करत राहिलो. दुसऱ्या दिवशी रत्नानं मला हसत हसत दोन शब्दांतला फरक समजावला. तोवर आमचं लग्न ठरलेलं नव्हतं. मराठीत हा फरक मी पाळण्यात असल्यापासून करत आलोय हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

तेव्हापासून तिकडं मी प्रत्येक ‘किता’ आणि ‘कामी’ तोंडातून बाहेर पडायच्या आधी तपासतो. मग पन्हाळ्यावर, माझ्या स्वतःच्या भाषेत, सारखं ‘आम्ही’ कुठून आलं? बहुधा परदेशात राहून ते अंगात मुरलं असावं. तिकडं मला कुणीही भारताबद्दल विचारलं की मी ‘आमच्याकडं’ अशी सुरुवात करायचो. वीस वर्षं मी सगळ्या जगाला आमच्याकडं काय असतं तेच सांगत होतो. गावी परत येऊनही जीभ परदेशातच उभी होती.

मग मी चाचांचं ‘आपण’ ऐकायला लागलो. ते कुणाला कुणाला देतात, हे मोजायचा नादच लागला. इचलकरंजीतल्या मागांवर काम करणारी ओडिशाची पोरं सुट्टीला गडावर यायची. त्यांना मोडक्या हिंदीतही चाचा ‘अपना किला’च म्हणायचे. एकदा एका गृहस्थांनी फिरता फिरता त्यांचं नाव विचारलं, नाव ऐकून जरा थांबले, आणि म्हणाले, मग तुम्ही लोक इथं कधी आलात? माझे कान तापले. चाचा मात्र ओठातल्या ओठात हसले. “आपण समदीच खालनं वर आलोय की. गड तेवढा आधीपासनं वर हुता,” असं म्हणून त्यांनी छत्री विहिरीकडं वळवली. गृहस्थही मागोमाग आले. राग येत नाही का, असं मी नंतर विचारलं. येतो की, असं चाचांनी कबूल केलं. पण गाइडनं रागानं एकदा ‘आम्ही’ म्हटलं की गट तिथंच फुटतो, आणि मग पुढचा चढ दोघांनाही जड जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

चाचा आता गुडघ्यांमुळं फारसे हिंडत नाहीत. परवा त्यांच्या घरी गेलो तर दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि समोरच्या धुक्यात कोणता गाइड चुकीच्या ठिकाणी उभा आहे हे नुसत्या आवाजावरून सांगत होते.

सप्टेंबर संपता संपता रत्ना आली. देवीला आजीकडं ठेवून, आठ दिवसांसाठी. मी तिला पहिल्या दिवसापासून चोरून न्याहाळत होतो. अक्काच्या हातचा ठेचा तिनं भाकरीवर असा घेतला, जसा आपण लोणी घेतो, आणि अक्का माझ्याकडं बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी भाजी आणायला गेल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला मराठीशिवाय काही येत नाही, तरी दीड तास बोलत होत्या. मला वाटलं, जमतंय. वरच्या मजल्यावर देवीचं टेबल कुठं मांडायचं, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी माझी परीक्षा होती. नाशिकहून आलेल्या पंधरा-सोळा बायकांचा गट, मी पुढं, रत्ना त्यांच्यात, आणि सगळ्यांच्या मागं चाचा, काही न बोलता. धुकं विरळ झालं होतं. मी सनावळी सांगितली नाही, हळू बोललो, तीन दरवाज्यात सगळ्यांना नखं घासायला लावली. प्रत्येक जागी आधी मराठीत सांगायचो आणि मग रत्नाकडं वळून तेच तिच्या भाषेत. अंबारखान्यात तर माझी तार लागली. वेढा पडला की आपली माणसं या धान्यावर महिनोन्‌महिने तग धरून राहायची, असं मी सांगितलं. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. रत्नाकडं वळून तेही सांगितलं आणि पुढं निघालो. उंदरांचा प्रश्न ती विचारेल म्हणून क्षणभर थांबलो होतो, पण तिनं तो विचारला नाही.

गट गेल्यावर चाचा जवळ आले. चालतंय की, म्हणाले. मला उडी मारावीशी वाटली. मग त्यांनी छत्री जमिनीवर टेकली. “पण कोठारात वैनींचं तोंड बघितलास का? तितनं पुढं गप झाल्या त्या. गाइडनं भिताडाकडं न्हाय, तोंडाकडं बघायचं असतंय.”

रत्ना तटावर बसली होती, हातात चहाचा कप. मी शेजारी बसलो आणि काय झालं ते विचारलं. तिनं कप तटावर ठेवला.

“आपण म्हणजे किता. एवढं मराठी मला येतं,” ती म्हणाली. “त्या बायकांना तू आज सकाळी पहिल्यांदा भेटलास. त्यांना म्हणालास, आपली माणसं. मग माझ्याकडं वळलास आणि म्हणालास, कामी. आमची माणसं.”

मला आठवेना. मग आठवलं. वीस वर्षं तपासून वापरलेला शब्द तिथं न तपासता बाहेर पडला होता. मी व्याकरणाचा आधार घेतला. तुझे पूर्वज या गडावर नव्हते, तेव्हा त्या वाक्यात कामीच बरोबर ठरतं, असं काहीतरी बोललो.

“नाशिकच्या बायकांचे होते?”

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती चिडली नव्हती. नवीन काही सापडल्यावर माणूस जसा बघतो तशी माझ्याकडं बघत होती. मग तिनं दुसरा चहा मागितला, आणि उंदरांचं विचारलं.

उरलेले चार दिवस तो विषय निघाला नाही. आम्ही नृसिंहवाडीला जाऊन संगम बघितला, अक्कासाठी कवठाची बर्फी आणली, देवीला रोज फोन केला. मी मात्र स्वतःशी त्या वाक्याची चिरफाड करत होतो. परक्या बायकांना सहज आत घेणाऱ्या माणसानं बायकोला का बाहेर ठेवावं? ती परकी वाटते म्हणून, की तिला फसवणं जमत नाही म्हणून? ‘आपण’ हा शब्द मी पर्यटकांना धंद्याचा म्हणून देत होतो का, आणि रत्नाला तेवढा खरा शब्द दिला? प्रत्येक उत्तर थोडं थोडं खरं वाटायचं, आणि एकही पुरं पडायचं नाही.

निघायच्या सकाळी ती वरच्या मजल्यावर बॅग भरत होती. साड्या, अक्कानं दिलेली चटणी, देवीसाठी कोल्हापुरी चपला. बॅगेची चेन लावून झाल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली की आम्ही येणार नाही. तिची आई तिकडं आहे, देवीची शाळा आहे, शिवणाचे वर्ग आहेत. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी तो शब्द काढला. त्याच्यामुळं का, असं विचारलं.

“तो शब्द बोलताना तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला,” ती म्हणाली. “तिकडं तू जपून बोलतोस. भाजीवाल्याशी, माझ्या आईशी, माझ्याशीसुद्धा. इथं तू न जपता बोललास. अशी एक जागा माणसाला लागते. माझी ती जागा तिकडं आहे, आणि मी इथं आले तर आयुष्यभर मी जपून बोलेन. तू दर पावसाळ्यात इथं येत जा. पाऊस संपला की घरी ये.”

मी बरं म्हणालो. मला फार वाईट वाटलं, इतकं की खाली अक्का हाक मारत होती तरी मला उठता येईना. देवीच्या टेबलाची जागा समोरच होती, खिडकीपाशी. पण खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी, एक श्वासभर, मला हायसं वाटलं होतं. हा गड, हे धुकं, चाचांची छत्री आणि माझा तो मोकळा आवाज, सगळं माझ्या एकट्याचं राहणार म्हणून. तेवढ्याची लाज मला अजून वाटते, आणि रत्नाला मी ते आजपर्यंत कुठल्याच भाषेत सांगितलेलं नाही.